सनद आणि दाखला

पुण्याहून साताऱ्याकडे येताना शिरवळच्या अलीकडे नीरा नदी लागते. पूल ओलांडला की आपण खंडाळा तालुक्यात येतो. आज हा जिल्ह्याजिल्ह्यातला शिवार बदलण्यापुरता फरक आहे. पण दोनशे वर्षांपूर्वी ही नदी म्हणजे राज्याची हद्द होती. पेशवाई बुडाल्यावर २५ सप्टेंबर १८१९ रोजी इंग्रजांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी तह केला आणि नीरेच्या दक्षिणेचा मुलूख महाराजांकडे ठेवला. उत्तर तीरावर कलेक्टरसाहेबाची कचेरी, दक्षिण तीरावर छत्रपतींची गादी. १८४८ साली सातारचे राज्य खालसा होईपर्यंत हे असेच चालले. त्या दोन्ही तीरांवरच्या एका समाजाची हकीकत आज सांगायची आहे. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात ती सापडत नाही, म्हणून शिक्षक बंधुभगिनींनी थोडे कान देऊन ऐकावे ही विनंती.

हा समाज म्हणजे तृतीयपंथी. हा शब्द अलीकडचा. जुन्या दप्तरांत शब्द येतो तो ‘हिजडे’. आज आपण तो शिवीसारखा वापरतो, नाक्यावर, चावडीवर, कुणाच्या भेकडपणाची टिंगल करायची झाली की तोंडात येतो. दप्तरात तो एका समाजाचे नाव म्हणून येतो, बाकी काही नाही. त्या कागदांची गोष्ट सांगताना मलाही तो वापरावा लागेल, तेव्हा तो त्याच अर्थाने घ्यावा.

आता मुद्द्याकडे वळू. मराठी राज्यात गावाचा गाडा कसा चाले हे जुन्या जाणत्यांना सांगायला नको. सुगीत खळ्यावर रास पडली की कुणबी ती सगळी उचलून घरी नेत नसे. सुताराचे, लोहाराचे, चांभाराचे, महाराचे, कुंभाराचे, न्हाव्याचे, परटाचे बलुते आधी बाजूला निघे. गुरवाचा वाटा निघे, जोशाचा निघे. मग गोसावी, फकीर, गोंधळी असे फिरते लोक येत. त्यांनाही सूपभर, पसाभर मिळे. ह्यातले काही देणे धर्मबुद्धीने दिलेले असे, तर काही देणे हक्काचे असे. हक्काचे म्हणजे ज्याच्यामागे सनद आहे ते. सनद म्हणजे सरकारच्या शिक्क्याचा कागद. अमक्या गावांतून तमक्याने इतके धान्य किंवा इतका पैसा घ्यावा, त्याला कुणी हरकत करू नये, असे त्यात लिहिलेले असे. पाटलाची पाटीलकी जशी वतन, तसाच हा लहानसा हक्कही वतनच. तो वडिलांकडून मुलाकडे जाई, प्रसंगी गहाण पडे, त्यावरून भांडणेही होत.

आणि अशा हक्कदारांत हिजडेही होते.

ही ऐकीव गोष्ट नाही. पुणे आणि आसपासच्या दख्खनच्या जिल्ह्यांत इंग्रज अधिकारी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जमाबंदीची चौकशी करू लागले, तेव्हा त्यांना आढळले की आधीच्या मराठी सरकारांनी हिजड्यांना असे हक्क दिलेले आहेत. ठरावीक मुलखातल्या शेतकरी घरांतून थोडे धान्य आणि थोडा पैसा गोळा करण्याचा हक्क. कुठे जमिनीचा तुकडा, कुठे रोख नेमणूक. हे हक्क त्यांच्यात गुरूकडून चेल्याकडे जात. संसार नाही, पोटचे मूल नाही. तेव्हा ज्याने आसरा दिला तो गुरू, आणि ज्याने म्हातारपणी पाणी पाजले तो चेला वारस. कुठला मुलूख कोणत्या गुरूकडचा हेही त्यांच्यात ठरलेले असे.

ह्यावरून पूर्वी सारे गोड होते असा अर्थ कृपा करून काढू नका. हक्क होता तो मागण्याचा. आईबापाच्या घरात राहण्याचा हक्क त्यात नव्हता, बापाच्या शेतात वाटा नव्हता, चार माणसांसारखे काम करून खाण्याची सोय नव्हती. घरातून बाहेर पडलेल्या, किंवा बाहेर काढलेल्या, पोराला गुरूचा आसरा मिळे आणि त्याबरोबर झोळी मिळे. मागणे नाकारले तर अंगावरचे लुगडे वर करण्याची धमकी, शाप, कलागत हेही चाले, आणि गावकरी त्याला भीत. तरीसुद्धा एक गोष्ट उरतेच. त्या काळच्या राज्यकर्त्यांना हा माणूस ठाऊक होता, आणि तो कोण आहे, त्याला काय द्यायचे, हे त्यांनी शिक्का मारून लिहून ठेवले होते. गावाच्या हिशेबात त्याची ओळ होती.

ही ओळ पुसली कशी गेली, ते जरा सावकाश पाहिले पाहिजे. कारण ती काही एका दिवसात, एका फटक्यात पुसली गेलेली नाही.

इंग्रज अधिकाऱ्यांना प्रथम हे हक्क पाहून आश्चर्य वाटले आणि मग किळस आली. भिक्षा ही हक्काची कशी असेल, हे त्यांच्या डोक्यात बसेना. त्यांच्या विलायतेत भीक मागणे हा गुन्हा होता आणि कर भरणे हे कर्तव्य. इथे हे दोन्ही एकात एक गुंतलेले. शिवाय पुरुष म्हणून जन्मलेल्याने बाईचा पोशाख करून नाचावे आणि सरकारने त्याच्या वसुलीला पाठबळ द्यावे, ही गोष्ट त्यांना लाजिरवाणी वाटली. तेव्हा मुंबई सरकारने ठरवले की पूर्वीच्या सरकारांनी परवानगी दिलेली असो वा नसो, असे मागून किंवा दमदाटीने पैसा घेणे ह्यापुढे हक्क म्हणून मानायचे नाही.

मग आले इनाम कमिशन. वाडवडिलांकडून इनामे असलेल्या घरांत ह्या नावाचा धसका कित्येक पिढ्या टिकला. १८५२ चा अकरावा कायदा झाला आणि दख्खन, खानदेश, दक्षिण महाराष्ट्र आणि नव्याने मिळवलेला मुलूख ह्या साऱ्यांतल्या इनामांची तपासणी सुरू झाली. ज्याला त्याला विचारणा: सनद दाखव, कुणी दिली ते सांग, पिढी मोज. ह्या कायद्याला जोडलेल्या नियमांत एक नियम असा होता की ज्या इनामाच्या चालवण्यात देशाच्या कायद्याचा किंवा सार्वजनिक सभ्यतेचा भंग होतो, ते पुढे चालू ठेवायचे नाही. सभ्यता म्हणजे काय, आणि ती कुणाची, हे ठरवणारा अर्थात कचेरीतला साहेब. हिजड्यांची इनामे ह्याच नियमाखाली नेमकी सापडली.

त्याच नियमांत दुसरी एक गोष्ट होती, तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. वंशपरंपरेने चालणारी इनामे मूळ उपभोक्त्याच्या पोटच्या पुरुषवारसांपर्यंत चालावीत, अशी त्यांची धाटणी होती. आता विचार करा. ज्याच्या आयुष्यात पोटचा वारस येणारच नाही, त्याने ह्या चाळणीतून कसे पार पडायचे? चेला हा वारस आहे असे म्हणावे तर रक्ताचे नाते कुठे आहे? तुम्ही म्हणाल, कायदा सगळ्यांना सारखाच होता. मला तसे वाटत नाही. गोसाव्यांच्या आणि महंतांच्या मठात गुरूमागून चेला गादीवर बसे, आणि इंग्रजांच्या न्यायालयांनी ती चाल धर्माची रूढी म्हणून मान्य केली. म्हणजे रक्ताशिवाय वारसा असू शकतो हे साहेबाला कळत नव्हते असे नाही. गोसाव्याच्या बाबतीत कळले ते हिजड्याच्या बाबतीत कळून घ्यायचे नव्हते, इतकेच.

तोवर नीरेचे दक्षिण तीरही इंग्रजांकडे आले होते. १८४८ साली शहाजी महाराज उर्फ आप्पासाहेब वारले, दत्तक नामंजूर झाला, लॉर्ड डलहौसीने सातारा खालसा केले. गंमत पाहा, छत्रपतींच्या घरीसुद्धा राज्य गेले ते ‘पोटचा वारस नाही’ ह्याच सबबीवर. राजवाड्यापासून हिजड्यांच्या वस्तीपर्यंत एकच मोजपट्टी फिरली. फरक एवढाच की राजवाड्याच्या बाजूने रंगो बापूजी गुप्ते विलायतेपर्यंत जाऊन भांडले. दुसऱ्यांच्या बाजूने भांडायला कुणी गेले नाही.

पुढची हकीकत उत्तर हिंदुस्थानातली आहे, ती थोडक्यात सांगतो. १८६० साली दंडसंहिता झाली आणि तिच्यात ३७७ वे कलम आले. १८७१ च्या सत्ताविसाव्या कायद्याने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. आपल्याकडे पारधी, कैकाडी वगैरेंनी त्या कायद्याच्या पुढच्या आवृत्त्यांचा जाच किती भोगला हे आपण जाणतोच. त्या कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठी होता. मुलांना पळवल्याचा, खच्ची केल्याचा किंवा ३७७ कलमाखालच्या गुन्ह्याचा संशय ज्यांच्यावर असेल त्यांची नावे आणि राहण्याची ठिकाणे सरकारी रजिस्टरात लिहायची, मालमत्तेची यादी घ्यायची. असा नोंदलेला माणूस रस्त्यावर बाईच्या वेषात दिसला, किंवा नाचला, गायला बसला, तर वॉरंटाशिवाय पकडायचे; शिक्षा दोन वर्षांपर्यंत. त्याने दत्तक घ्यायचे नाही, मृत्युपत्र करायचे नाही, कुणाचे पालक व्हायचे नाही, बक्षीसपत्र करायचे नाही. हा भाग तेव्हा वायव्य प्रांत, अयोध्या आणि पंजाब ह्यांना लागू होता, मुंबई इलाख्याला नव्हता. पण दत्तक आणि मृत्युपत्र ह्यांवर घाव घालण्यामागचा विचार ओळखीचा वाटतो की नाही? गुरूचे चेल्याकडे जाऊ द्यायचे नाही, म्हणजे हा समाज आपोआप संपेल, अशी तिकडच्या अधिकाऱ्यांची उघड अपेक्षा होती. निजामाच्या राज्यातही १३२९ फसलीत, म्हणजे इसवी सन १९१९ च्या सुमारास, असाच एक कायदा झाला. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. तेलंगणाच्या उच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला तो थेट २०२३ साली. रद्द करायचे कुणाच्या लक्षातच नव्हते, असे म्हणायचे.

समाज काही संपला नाही. हक्क गेला आणि मागणे राहिले, असे झाले. आज बाजारच्या दिवशी शिरवळला किंवा लोणंदला दुकानापुढे टाळी वाजते, दुकानदार कपाळाला आठी घालून दहा रुपये पुढे करतो. त्याला वाटते ही खंडणी आहे. देणाऱ्याच्या पणज्याच्या पणज्याने खळ्यावर हेच दिले असेल, तेव्हा मागणाऱ्यामागे शिक्क्याचा कागद असण्याचा संभव होता. आता मागे पोलिसाची काठी असते. कृती तीच, तिच्यामागची सनद काढून घेतली की तिला गुन्ह्याचे नाव पडते.

आपल्या भागात तर आणखी एक विसंगती आहे. पौषी पौर्णिमेला मांढरदेवच्या डोंगरावर काळूबाईची यात्रा भरते. खंडाळा, वाई, भोर, फलटण सगळीकडून माणूस लोटतो. तिथे जोगते आणि तृतीयपंथी मोठ्या संख्येने येतात. त्यांच्या हातचा भंडारा आपण कपाळाला लावून घेतो, त्यांच्या पाया पडतो. आणि उतरून गावात आलो की त्यांतल्याच कुणाला भाड्याने खोली देत नाही. (जोगता आणि तृतीयपंथी हे एकच असे नव्हे, जोगता यल्लमासारख्या देवीला वाहिलेला असतो. पण पुष्कळ ठिकाणी हे दोन प्रवाह एकत्र मिसळलेले दिसतात.) वाईला तर आपण विराटनगरी म्हणतो. वैराटगड तिथून जवळच. त्या विराटाच्या घरी अर्जुन बृहन्नडा होऊन राहिला, राजकन्येला नाच शिकवू लागला, ही गोष्ट शाळेत सांगताना मुले हमखास हसतात. गुरुजी, त्या हसण्यावरून पुढे सरकू नका, थोडे थांबा. गायी पळवल्या तेव्हा उत्तराचा रथ घेऊन बाहेर पडलेली बृहन्नडाच होती, आणि राजाने आपली लेक शिकायला तिच्याच हाती दिली होती.

शाळेचा विषय निघालाच आहे तर आकडे सांगतो. २०११ च्या जनगणनेत स्त्री आणि पुरुष ह्यांच्याखेरीज ‘इतर’ असे सांगण्याची सोय पहिल्यांदा झाली. देशात ४,८७,८०३ माणसांची अशी नोंद झाली, त्यांतली ४०,८९१ महाराष्ट्रात. लाजेने, भीतीने ज्यांनी सांगितले नाही ते वेगळे. त्या नोंदीतली ५४,८५४ मुले सहा वर्षांच्या आतली होती. साक्षरतेचे प्रमाण शेकडा ५६. त्याच वेळी सगळ्या देशाचे ७४. हे अठराचे अंतर कुठे पडते ते शिक्षकाला सांगायला नको. ज्या मुलाची चाल, बोलणे, हातवारे वर्गाला वेगळे वाटतात, ते मूल पाचवी-सहावीपासून शाळा चुकवू लागते. मधल्या सुट्टीत मुतारीत जायची त्याला भीती वाटते. पटावर काही दिवस गैरहजर लागतो, मग नाव कमी होते. पुढे ते गुरूच्या वस्तीत सापडले तर लोक म्हणतात, पळवून नेले.

कायद्याने पुन्हा ह्या माणसाकडे नीट पाहिले ते १५ एप्रिल २०१४ रोजी. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी त्यात सामील झाल्या होत्या. ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ हे त्यांचे आत्मकथन मराठीतच प्रथम आले, तेही ज्यांना हा विषय समजून घ्यायचा आहे त्यांनी अवश्य मिळवून वाचावे. न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती सिक्री ह्यांनी निकाल दिला की घटनेतला समानतेचा, अभिव्यक्तीचा, प्रतिष्ठेने जगण्याचा अधिकार ह्या लोकांनाही आहे. आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी हे ज्याचे त्याने सांगायचे, त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. १८७१ च्या कायद्याचा अन्याय त्या निकालात नावानिशी नोंदला गेला आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी ३७७ कलमाचा जाचही, सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरता, न्यायालयाने दूर केला.

२०१९ साली संसदेने तृतीयपंथीयांच्या हक्कांचा कायदा केला, तो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्यात चांगले होते ते असे: शाळा, नोकरी, दवाखाना, घर ह्यांत भेदभाव करायचा नाही, मूल तृतीयपंथी आहे म्हणून त्याला आईबापांपासून तोडायचे नाही, न्यायालयाने मुलाच्या हितासाठी हुकूम केला तरच. हे दुसरे कलम मला फार मोलाचे वाटते, कारण मराठी राज्याच्या सनदेने जे कधी दिले नव्हते, ते घर, ह्या कलमाने देऊ केले. पण त्याच कायद्यात ओळखीसाठी जिल्हाधिकाऱ्याचा दाखला सांगितला. न्यायालय म्हणाले होते, ज्याचे त्याने सांगावे. कायदा म्हणाला, कचेरीतून लिहून आणा. ह्या समाजातल्या पुष्कळांनी त्यावर आक्षेप घेतला तो रास्तच होता. आणखी एक: स्त्रीवरच्या बलात्काराला निदान दहा वर्षांची शिक्षा असताना तृतीयपंथीयावरच्या लैंगिक अत्याचाराला ह्या कायद्याने ठेवली ती सहा महिने ते दोन वर्षे. एकाच देशात अब्रूचे दोन भाव.

कागदावरचा हक्क गावात कसा उतरतो, हे पाहायचे तर ग्रामपंचायतीकडे बघावे. मध्य प्रदेशात कटनीला कमला जान महापौर झाल्या होत्या. जागा स्त्रियांसाठी राखीव, आणि तुम्ही स्त्री नाही, असे म्हणून त्यांची निवड २००३ साली रद्द झाली. आपल्याकडे २०१७ साली सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने ज्ञानेश्वर कांबळे ह्या तृतीयपंथीयाला सरपंच म्हणून निवडून दिले. गावकऱ्यांनी थेट मतदानाने दिले, बरं का. कुणी वरून नेमले नाही.

आणि मग भादली बुद्रुकची गोष्ट. हे गाव जळगाव तालुक्यातले. २०२० च्या डिसेंबरात तिथल्या ग्रामपंचायतीच्या स्त्रियांसाठी राखीव जागेवर एका तृतीयपंथी उमेदवाराने अर्ज भरला. निवडणूक अधिकाऱ्याने तो फेटाळला. कारण तेच, कटनीचे. अर्जदार औरंगाबादच्या खंडपीठाकडे गेल्या. न्यायमूर्ती रवींद्र घुगे ह्यांनी २ जानेवारी २०२१ रोजी निर्णय दिला. अर्जदाराने आपली ओळख स्त्री म्हणून स्वीकारली आहे, आयुष्यभर ती बदलणार नाही असे सांगितले आहे, आणि तसे ठरवण्याचा तिला अधिकार आहे, तेव्हा अर्ज ग्राह्य धरा, असा तो निर्णय होता.

त्या खटल्याच्या कागदावर अर्जदाराचे नाव कसे छापले आहे ते पाहण्यासारखे आहे: अंजली गुरू संजना जान. आपल्याकडे नावापुढे बापाचे किंवा नवऱ्याचे नाव येते. सातबाऱ्यापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत तीच रीत. इथे त्या जागी गुरूचे नाव आहे, ‘गुरू’ ह्या शब्दासकट. इनाम कमिशनच्या नियमांत ज्या नात्याला जागा मिळाली नव्हती, ते नाते महाराष्ट्राच्या उच्च न्यायालयाच्या कागदावर, कुणाचीही हरकत न येता, नावाचा भाग म्हणून लिहिलेले आहे. त्याच जानेवारीत मतमोजणी झाली आणि भादलीच्या मतदारांनी त्यांना निवडून दिले.